विसाव्याचे दगड

थॉर्नरिगच्या खोऱ्यात चर्च नव्हतं
तेव्हा मेलेल्यांनाही डोंगर ओलांडावा लागे.
सहा मैल. पलीकडे कर्कबेक.
तिथलीच माती तेवढी पवित्र ठरलेली,
इथली नुसती मेंढ्यांची.

त्या वाटेवर मी आठवड्यातून तीनदा धावते.

वय एकोणसाठ, डावा गुडघा कुरकुरा,
बूट भाच्याने दिलेले, पोपटी,
इतके पोपटी की एड्विन थॅकरे
फाटकाला रेलून म्हणतो,
"हेझल, तू धुक्यातसुद्धा हरवायची नाहीस."
त्याला धावणं मुळात पटतच नाही.
मागे कुत्रं नाही, पुढे मेंढरू नाही,
मग माणसाने पळायचं कशाला?

पहिला मैल भिंतींचा.
चुना नाही, चिखल नाही, दगडावर दगड,
आणि दोन भिंतींमधून वाट अशी बेताची
की दोघं पुढे, दोघं मागे
आणि वर आडवा पाचवा
एवढंच काय ते मावेल.

मग चढ. चढावर मी मोजते,
आजोबा मेंढ्या मोजायचे तशी:
यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिम्प.
पाच झाले की पुन्हा यान.
शंभराचा विचार करायचा नाही.

तिथे पहिला दगड.
सपाट, कमरेएवढा, माणसाच्या लांबीचा.
इथे पेटी टेकवायची, खांदा बदलायचा,
कुणी पाणी प्यायचं, कुणी डोळे पुसून घ्यायचे.
आता हौशी चालणारे त्यावर सँडविच उलगडतात.
मी काही म्हणत नाही. बसतही नाही.
तळहात टेकवते आणि पुढे सुटते.
जुलैतही गार असतो तो.

मागच्या मार्चमध्ये दुसऱ्या दगडाशी
एक मेंढी उताणी पडली होती.
पोटात कोकरू, अंगावर भिजून जड झालेली लोकर,
चारही पाय आभाळाला लावलेले.
अशी मेंढी आपली आपण उठत नाही.
भिंतीवर दोन कावळे. त्यांना घाई नव्हती.
मी लोकरीत मुठी रुतवल्या
आणि लोटलं, पुन्हा लोटलं,
तोंडून जे निघालं ते चर्चच्या वाटेवर शोभणारं नव्हतं.
ती उभी राहिली, भेलकांडली,
माझ्या मांडीला टेकून थांबली
दम येईपर्यंत. दोघींनाही.
मनगटावरचं घड्याळ सारखं विचारत होतं,
धावणं संपलं का?

माथ्यावर वारा. तिथे कुणी काही आठवत नाही,
डोळ्यांतून नुसतं पाणी येतं.
खाली कर्कबेकचा बुटका मनोरा,
आत नोंदवहीत गिचमिड शाईने:
ॲग्नेस, थॉर्नरिगची, वय वर्षं चार,
बर्फामुळे नऊ दिवस उशिरा.
मी फाटकापाशीच वळते.
नऊ दिवस कुठे ठेवली असेल तिला,
हा प्रश्न पायांत घेऊन धावता येत नाही,
तरी धावते.

आणि परतीच्या उतारावर
दर वेळी तेच मनात येतं:
येताना ते चौघं रिकामे असणार.
माती लोटून झाली, पाव-बिअर झाली,
दिवस कलतोय, घरी गाई तटतटलेल्या,
खांद्यावर नुसता लाकडाचा वळ.
एखादा तरी विशीतला असेल त्यांच्यात.
उतार त्याच्या पोटऱ्यांत शिरला असेल
आणि पाय सुटले असतील त्याचे,
टोपी हातात, आधी ओशाळून,
मागे वळून थोरल्यांकडे बघत.
थोरल्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल.
मग तेही.
जड बूट, काळे कोट, आणि चौघं
याच दगडांवरून धडधडत,
हलके झाल्याचं पाप अंगावर घेऊन.

एड्विनला मी हे सांगितलं.
तो बराच वेळ फाटकाची कडी चाचपत राहिला.
"म्हणजे गाईंसाठी," म्हणाला.
"मग ठीक आहे."